उदाहरण पहिलं: पाहुणा

पहिलं उदाहरण बिल्ड झालं, लोड झालं, आणि मी ते परत बाहेर काढलं तेव्हा लॉगच्या, म्हणजे मशीनच्या नोंदवहीच्या, शेवटच्या ओळीत शब्द उमटला, ‘जाते’. मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. शब्द तोच. सकाळपासून या मशीननं माझा जीव खाल्ला होता. आधी म्हणालं, कर्नलच्या हेडर फायली नाहीत, बिल्ड, म्हणजे लिहिलेल्याचं चालतं मोड्यूल, कशाच्या जोरावर करू. त्या आणून टाकल्या. मग म्हणालं, बिल्ड झालंय, पण या मोड्यूलवर ओळखीची सही नाही, मी आत घेणार नाही. मशीन बंद केलं, चालू केलं, सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर जाऊन सहीची अट काढून टाकली. एकदाचं आत घेतलं, तर लॉगमध्ये शब्दांच्या जागी नुसती खडी. तिरपी रेघ, एक्स, ई, शून्य, तिरपी रेघ, एक्स, ए, चार, परत ई, शून्य, असं ओळभर. नव्या सिस्टिममध्ये मराठी अक्षरं ओळखायचीच नाहीत असं ठरलेलं होतं, कोणी ठरवलं देव जाणे. भाषेची सेटिंग शोधण्यात चहाची वेळ निघून गेली. शेवटी खडीची अक्षरं झाली. मोड्यूल आत घातलं, ‘येते’ आलं. बाहेर काढलं, ‘जाते’ आलं. म्हणजे इतका आटापिटा करून मी जे वाचायला बसलो होतो, ते कोणीतरी बदलून ठेवलेलं होतं.

मी या संस्थेत लॅब सांभाळतो. शिकवत नाही. केबली, पंखे, माउस, बंद पडलेले पडदे हे माझं खातं. विद्यार्थी केबलकाका म्हणतात, म्हणोत. शिकवायची ती आमची ही. कर्नलचा कोर्स हिचा होता. कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुख्य कारभारी, कीबोर्डपासून प्रिंटरपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जातं. आणि मोड्यूल म्हणजे त्या कारभाऱ्याच्या दिमतीला, मशीन बंद न करता, चालू कामात आत घालायचा एक तुकडा. काम झालं की तो काढताही येतो. शिकणाऱ्याला सुरुवातीला रिकामं मोड्यूल देतात. ते काहीच करत नाही. आत येताना लॉगमध्ये एक वाक्य टाकतं, बाहेर पडताना एक. एवढं जमलं तर पुढचं जमेल, अशी त्यामागची कल्पना. पुस्तकातलं उदाहरण देऊन हिला भागवता आलं असतं, पण हिला दुसऱ्यानं शिजवलेलं पटायचं नाही. हिनं स्वतःची उदाहरणं लिहिली आणि त्यांना नावं दिली. पहिलं पाहुणा. येतो, बोलतो, निघतो. दुसरं घरजावई. त्याला बाहेर पडायचं फंक्शनच नाही, एकदा आत आला की मशीन बंद केल्याशिवाय हलत नाही. तिसरी शेजारीण, कारण ती रिकाम्या हातानं येत नाही, लोड करताना तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं आणि ते ती आत जाऊन सगळ्यांना सांगते. चौथ्यात दोन होत्या, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. धाकटीनं थोरलीचा पदर धरलेला असेपर्यंत थोरलीला काढता येत नाही, मशीन सांगतं, वापरात आहे. वर्ग हसायचा आणि विसरायचा नाही. बाहेरून आणलेलं पहिलं मोड्यूल घातलं की कर्नल लॉगमध्ये कुरकुर करतो, की बाहेरचं आत आलं, मी आता शुद्ध राहिलो नाही. ही सांगायची, घाबरू नका, सासरी एकदाच बोलतात, मग सवय होते. आणि खरंच, मशीन परत सुरू करेपर्यंत तो ते पुन्हा म्हणत नाही. मी मागे स्टुलावर चढून दिवे बदलत असायचो आणि वर्ग माझ्याकडे बघून हसायचा. माझ्या आईनं हिला काय काय ऐकवलं ते जसं काही मीच जाहीर केलं होतं.

आता फोल्डरमध्ये पाहुणा नव्हता. उदाहरण-एक होतं. घरजावई उदाहरण-दोन झाला होता. हे काम नव्या सरांचं, हे मला चौकशी न करता कळलं. नवे सर कोणतंही वाक्य ‘तसं नाही’ असं सुरू करतात, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव तसंनाही सर ठेवलंय. नावं बदलली त्याचा मला राग नाही, म्हणजे आहे, पण तो गिळता येतो. माणूस बदलला की पाट्या बदलतात. पण हिनं पाहुण्याच्या तोंडी घातलेली वाक्यं दोनच होती. आत येताना ‘आले हं’ आणि बाहेर पडताना ‘येते हं’. त्यांची आता ‘येते’ आणि ‘जाते’ झाली होती. नीट, सरळ, समोरासमोर, जिन्याच्या दोन बाजूंना बाण रंगवतात तशी. माझी बायको उभ्या आयुष्यात ‘जाते’ म्हणाली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, ती सवय होती, आणि तिचा मला तापच होता. ही दारात उभी राहून ‘येते’ म्हणायची आणि निघायची नाही. लिफ्ट यायची, दार उघडायचं, मिटायचं. हिला गॅस आठवायचा. गॅस बघून परत ‘येते’. मग छत्री. मग मला सांगायचं राहिलेलं, की दूध तापवलंय, झाकू नको. परत ‘येते’. मी पेपरातून मान वर न काढता म्हणायचो, अगं, आधी निघ तरी. एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं, कशावरून ते आठवत नाही, बहुतेक कपाटावरून, आणि ही बॅग भरून माहेरी निघाली. दारात तोंड फुगवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘जाऊन येते.’ म्हटल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. बॅग खाली ठेवून ती जी हसायला लागली, ती बसलीच जमिनीवर. भांडण तिथं मोडलं. असल्या बाईच्या नावावर कोणीतरी ‘जाते’ लिहावं, आणि तेही मला मशीननं, इतका वेळ छळून, वाचून दाखवावं.

नवे सर शेजारच्या खोलीत फळा पुसत होते. मी जाऊन विचारलं, उदाहरण-एकमधले शब्द तुम्ही बदलले का. त्यांनी डस्टर खाली ठेवलं. माणूस वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोला. वय माझ्यापेक्षा बरंच कमी, इस्त्रीचे कपडे, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. म्हणाले, तसं नाही काका, बदलले म्हणजे दुरुस्त केले. मॅडमबद्दल मला आदर आहे, कोर्स उत्तमच बांधलाय, पण त्यात एक चूक राहून गेली होती. मोड्यूल बाहेर जाताना ‘येते’ म्हणत होतं. घाईत अदलाबदल झाली असणार. मला थट्टा करतायत असं वाटलं. थट्टा नव्हती. मी म्हणालो, अदलाबदल नाही, निघताना असंच म्हणतात. ते म्हणाले, ते ठाऊक आहे हो, पण शिकणाऱ्याला लॉगमध्ये काय दिसतं बघा. दोन शब्द, आले आणि येते. त्यातलं आत घातल्याचं कोणतं, काढल्याचं कोणतं? तो गोंधळणार. शिवाय मोड्यूल नपुंसकलिंगी, तुमचा पाहुणा पुल्लिंगी, आणि वाक्य स्त्रीलिंगी. मग तुम्ही दुरुस्त केलेलं वाक्यही स्त्रीलिंगीच का ठेवलंत, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मला जे सुचायचं ते पायऱ्या उतरल्यावर सुचतं. मी एवढंच म्हणालो, की हे परत पहिल्यासारखं करा. त्यांनी घड्याळ बघितलं. उद्या नवी बॅच, आज संध्याकाळी हे एक मशीन पक्कं करून त्याची नक्कल सगळ्या मशीनवर उतरवायची, आणि एकदा उतरवली की कोर्स संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हा संस्थेचा नियम. नियम मीच बसवून घेतलाय, विद्यार्थी काहीही करून ठेवतात म्हणून. म्हणजे संध्याकाळपर्यंत जे होईल ते होईल. पुढच्या बॅचला हीच नक्कल, त्याच्या पुढच्या बॅचला बहुधा हीच. हिचं लिहिलेलं जगात जे काही बोलून दाखवतं ते एवढंच, आणि संध्याकाळनंतर ते ‘जाते’ म्हणत राहणार.

मी संचालक बाईंकडे गेलो. त्या फोनवर होत्या. हातानं बसा म्हणाल्या, मी बसलो नाही. ऐकून घेतल्यावर त्यांनी तो चेहरा केला. हा चेहरा मला आता दुरून ओळखू येतो, भुवया मध्ये चढतात आणि मान थोडी कलते. त्या म्हणाल्या, तुमच्या भावना समजतात, पण अभ्यासक्रम शिकवणाऱ्याचा असतो, तुम्ही दोघं बसून ठरवा ना. माझ्या भावना कोणाला समजतात म्हटलं की मला पायातली चप्पल काढून परत घालावीशी वाटते, काहीतरी करायला हवं म्हणून. भावनेचा प्रश्नच नव्हता. समजा कोणी हिचं नाव चुकीचं लिहिलं असतं आणि मी दुरुस्त करा म्हटलं असतं, तर त्याला भावना म्हणाले असते का. जिन्यात उभा राहून मी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते, नोकरी, मूल, सगळं एका हातानं. तिला सांगितलं तर ती आधी हसली. म्हणाली, बाबा, आईला हसू आलं असतं. मग म्हणाली, आई असती तर तिनंच बदललं असतं कदाचित, ती स्वतःचं लिहिलेलं रोज खोडायची. हे खरं आहे आणि म्हणूनच मला सहन झालं नाही. मी म्हणालो, तिनं खोडलं असतं तर तिचं होतं, याचं आहे का? मागे तिचं पोर कशासाठी तरी हट्ट करत होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, एक शब्द आहे बाबा, सोडा ना. तुम्ही सगळ्याच गोष्टींवर चिडता आजकाल. मी म्हणालो, सगळ्या गोष्टी चिडण्यासारख्याच होतात आजकाल, मी काय करू. तिला उशीर होत होता. फोन ठेवताना ती सवयीनं काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, मी आधीच बंद केला होता.

चिडण्याचं म्हणाल तर चिडण्यासारखंच आहे. लोक येऊन बसायचे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता. गेल्या. कशा गेल्या हो. अशा कशा अचानक गेल्या. हिचा मामा म्हणाला, चांगली गेली, कोणाला त्रास न देता गेली. जणू गावाहून आलेली होती आणि गाडी वेळेवर मिळाली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की अजून म्हणतात, त्या गेल्यापासून जिना कसा सुनासुना वाटतो. मी तो शब्द वापरत नाही. मुद्दाम नाही, तोंडात येत नाही. बँकेतल्या माणसाला मी म्हणालो, ती नाहीये. तो म्हणाला, मग केव्हा येतील, सही लागेल. मग मला त्याच्यासमोर काय म्हणायचं ते कळेना, आणि मागची रांग खाकरायला लागली. शेवटी मागच्यांपैकी एका बाईनं त्याला सांगितलं, अहो, गेल्या त्या. परक्या बाईनं. तिला कसं कळलं कोणास ठाऊक. माझ्या तोंडावर लिहिलेलं असेल.

दुपारी नवे सर जेवायला निघाले. मी लॅबमध्ये त्याच मशीनसमोर बसलो होतो. ते दारातून डोकावून म्हणाले, ‘काका, येतो मी.’

‘कुठून?’ मी म्हणालो.

‘काय?’

‘येता कुठून? तुम्ही तर निघालात. जातो म्हणा. शिकणारा गोंधळेल.’

ते थांबले. मला वाटलं हसतील आणि विषय संपेल. हसले नाहीत. आत आले, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, ‘तसं नाही काका. ते बोलणं झालं. बोलण्यात आपण काहीही म्हणतो. हा लॉग आहे. लॉगनं जे झालं ते सांगायचं असतं. माणूस परत येणार नसेल तर लॉगमध्ये येतो लिहून चालत नाही.’

आणि मग त्यांना ते काय बोलून बसले ते कळलं. कान लाल झाले. मी म्हणालो, जेवून घ्या, गार होईल. ते निघून गेले. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला आणि मी पडद्यावरच्या ओळीकडे बघत राहिलो.

हिचं ऑपरेशन साधं होतं. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी घरी. ही आदल्या दिवसापर्यंत शिकवत होती, सुट्टीचा अर्ज देताना वर्गाला सांगून आली, की थोरल्या जावेला काढायला घेतलंय, धाकटीचा हात सुटला की झालं. सकाळी तिला चाकांच्या पलंगावर घालून नेलं. हिरवी टोपी, त्यात हिचे केस मावत नव्हते, एक बट कानावर येत होती आणि हात बांधलेला म्हणून हिला ती सारता येत नव्हती. मी सारली. परत आली. ऑपरेशनच्या खोलीचं दार दोन्ही बाजूंनी उघडणारं होतं, हॉटेलच्या मुदपाकखान्याला असतं तसं. तिथं वॉर्डबॉयनं पलंग वळवला तेव्हा हिनं मान उचलून मला शोधलं आणि म्हणाली, ‘येते हं.’ डबा घेऊन कामाला निघताना म्हणायची तसंच, जरा घाईत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की तो चेहरा होतो, भुवया, मान. आणि कोणीतरी म्हणतं, बघा, शेवटचे शब्द. शेवटचे बिटचे काही नाही. तिला काय माहीत होतं शेवटचे आहेत ते. तिनं रोजचा शब्द म्हटला होता. मला राग याचा येतो, की लोक त्याचं काहीतरी करतात. शोभेचं करतात. नवे सर निदान शोभेचं करत नव्हते, ते म्हणत होते खोटं आहे, खोडा.

आणि तेव्हा, ते जेवायला निघून गेल्यावर, मला उत्तर सुचलं. नेहमीसारखं उशिरा. लॉगमध्ये जे झालं ते कुठं असतं? ज्यानं त्यानं जे म्हटलं ते असतं. डिस्क म्हणते मी ठीक आहे, आणि दुसऱ्या दिवशी मेलेली असते. आपण काय आदल्या दिवसाची ओळ दुरुस्त करायला जातो? तिथं ती तशीच राहते, वेळेसकट. तिनं म्हटलं होतं. ती आली नाही ही वेगळी ओळ आहे, ती तिच्या तोंडी घालू नका. हे सगळं मी रिकाम्या लॅबला मोठ्यानं ऐकवलं. पंखा फिरत होता. मग मी ठरवलं की आपणच बदलायचं. मी प्रोग्राम लिहिणारा माणूस नाही. हिच्या मागे उभा राहून बघितलेलं होतं तेवढंच. फाइल उघडली. वरच्या वाक्यात ‘येते’ खोडून ‘आले हं’ केलं, जपून, एकेक अक्षर. खालच्या वाक्याशी आलो तेव्हा तो शब्द बघून डोकं परत फिरलं, आणि अवतरणचिन्हांच्या मधलं जे काही होतं ते सगळं मी पुसून काढलं, काही शिल्लक ठेवलं नाही, आणि नव्यानं टाइप केलं, ‘येते हं’. बिल्ड केलं. झालं. लोड केलं. लॉगमध्ये ‘आले हं’ आलं. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. मग बाहेर काढलं.

काहीच आलं नाही. परत लॉग बघितला. शेवटची ओळ ‘आले हं’. मोड्यूल खरंच बाहेर पडलंय का बघितलं, आतल्यांच्या नावांत ते नव्हतं. म्हणजे निघालं होतं. न बोलता. मी लॉग परत मागवला, परत मागवला, बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं. ‘जाते’ होतं ते चालत होतं, मी हात लावला आणि तेवढंही राहिलं नाही. हे माझ्याबाबतीत नेहमीचं आहे. कपाटाची बिजागरी नीट करायला जावं आणि दार हातात यावं. आता सर येणार, बघणार, म्हणणार तसं नाही काका, आणि या वेळी ते बरोबर असणार. परत आत घालून बघायचा धीर होईना. संध्याकाळच्या नकलेसाठी पक्कं करायचं मशीन, त्यात मी अर्धवट शहाणपणानं काय मोडून ठेवलंय कोणास ठाऊक. हिला विचारायला हवं होतं. हे मनात इतकं सरळ आलं, दूध कुठं ठेवलंय विचारावं तसं, की मी खुर्ची मागे सरकवून उठलोसुद्धा. उठून काय करणार होतो, माहीत नाही. परत बसलो.

नवे सर आले ते हातात चहाचे दोन कप घेऊन. एक माझ्यासमोर ठेवला. साखर जास्त होती. दुपारच्या बोलण्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत, बरं झालं. म्हणाले, उदाहरण-दोन बघून घेऊ या का, मग नक्कल सुरू करू. मी म्हणालो, बघा, तुमचंच मशीन. माझ्या बाजूनं वाकून त्यांनी घरजावई लोड केला आणि लॉग मागवला. घरजावयाची ओळ खाली आली. आणि तिच्या वरती, ‘आले हं’ च्या खाली, जिथं मघापासून काही नव्हतं तिथं, एक ओळ होती. ‘येते हं’. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. या ओळीवर आत्ताची वेळ नव्हती. मी मोड्यूल काढलं होतं तेव्हाची होती.

मी बोट लावून म्हणालो, ‘हे मघाशी नव्हतं.’

सरांनी वाचलं. शब्द वाचला हे मला दिसलं, कारण त्यांचं ‘तसं’ निघालं आणि पुढचं ‘नाही’ आलं नाही. ते फाइल उघडून बघत राहिले. चहाचा कप त्यांनी नुसताच हातात धरला होता. मग म्हणाले, ‘वाक्याच्या शेवटी ओळ संपल्याची खूण असते, बॅकस्लॅशची तिरपी रेघ आणि एन. ती तुमच्याकडून पुसली गेली. ओळ संपली हे कर्नलला कळलंच नाही. त्याला वाटतं, अजून काही बोलायचं असेल. म्हणून तो वाक्य हातात धरून वाट बघतो. दुसरं कोणीतरी बोललं, की मग सोडून देतो.’

‘म्हणजे ते म्हटलं होतं.’

‘म्हटलं होतं. तेव्हाच.’

नाकात काहीतरी झोंबलं, चहा गरम होता. सरांनी कप ठेवला, माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला, आणि ‘हं’ च्या पुढे ती खूण टाकली. बिल्ड केलं, घातलं, काढलं. ‘आले हं’, ‘येते हं’, दोन्ही लगेच, एकाखाली एक. फाइल बंद करताना ते पडद्याकडे बघूनच म्हणाले, की नाव मात्र उदाहरण-एकच राहील, क्रमानं शोधायला सोपं पडतं. मी म्हणालो, राहू दे. मग त्यांनी विचारलं, नक्कल सुरू करू का. मी म्हणालो, करा. पडद्यावर नकलेची पट्टी सरकायला लागली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो, दोघांना दुसरं काही बघायचं नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी बॅच सुरू झाली. कामावरून सुटून येणारी माणसं, कोणी कारखान्यातलं, कोणी टेलिफोनच्या कचेरीतलं, थकलेली, बाकावर पिशव्या. सरांनी पहिलं उदाहरण करायला दिलं. मी मागच्या भिंतीपाशी एका मशीनची केबल बघण्याच्या निमित्तानं उभा होतो आणि खरं सांगायचं तर कोणीतरी हात वर करण्याची वाट बघत होतो. कोणी विचारावं, की सर, हे निघताना येते कसं काय म्हणतंय. उत्तर मी रात्रभर घोळवून ठेवलं होतं, डिस्कचं, वेळेचं, सगळं. कोणी हात वर केला नाही. घातलं, वाचलं, काढलं, वाचलं, पुढे. कोणाची भुवई हलली नाही, कोणी गोंधळलं नाही, कोणी हसलंसुद्धा नाही. मला तर रागच यायला लागला. एवढा जिवाचा आटापिटा केला आणि यांना वाचता येतं की नाही. माझ्या अगदी पुढ्यात एक जाडजूड मिशीवाला गृहस्थ बसला होता, यंत्राच्या तेलाचा वास त्याच्या बाहीला. त्यानं दोन बोटांनी हुकूम टाइप केला, मोड्यूल काढलं. पडद्यावर ‘येते हं’ आलं. तो पुढचा पाठ उघडत होता, नजर कागदावर होती, आणि मान वर न करता तो पुटपुटला, ‘हं, ये.’

मी खाली वाकून विचारलं, ‘काय म्हणालात?’

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. ‘कुठं काय?’ मग पडद्याकडे बोट करून वैतागून म्हणाला, ‘ही पुढची बिल्डची फाइल काही चालेना हो. म्हणते या ओळीत काहीतरी चुकलंय. इथं काय चुकणार, मी आहे तसंच उतरवलंय.’

मी बघितलं. या फाइलला ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, त्यानं त्याच्या जागी मोकळ्या जागा मारल्या होत्या, दिसायला सारख्याच. मी त्याच्या खांद्यावरून हात घातला, त्या पुसल्या आणि टॅब दिला.